टाळ्या नंतर, आधी चाकं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही जरा रागानेच.

झालं असं. माझ्या भावाच्या नातवाने अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये दोन माणसांचं विमान बांधलं. सुटे भाग कंपनीचे, जोडणी याची. चाकं पोटात घेणारं विमान. गेल्या वर्षी रीतसर परवानगी मिळाली, उडालंही. आता पठ्ठ्याने चाकांच्या दारांत बदल केलाय. मूळच्या आराखड्यात दार चाकाच्या पायाला दांडीने जोडलेलं होतं. पाय आत गेला की दारही मागोमाग ओढलं जाई. याने आत आणखी एक दार बसवलं आणि त्याला वेगळा हायड्रॉलिक सिलिंडर दिला. पोकळी पूर्ण झाकली जाईल, हवेचा विरोध कमी होईल, वेग थोडा वाढेल, हा हिशेब.

फोटो घरच्या ग्रुपवर आला आणि धो धो कौतुक सुरू झालं. "शाब्बास! शेवटी भारतीय जुगाड तो जुगाडच!" दुसऱ्याने लिहिलं, "आजी येतेय पुढच्या महिन्यात, पहिली चक्कर तिलाच मार."

माझा राग या दोन वाक्यांवर आहे.

मी मराठीचा मास्तर, विमानातलं मला काय कळणार, असं म्हणाल. पण प्रकाशात राहून ट्रॅक्टरची ट्रॉली रोज पाहतो. तिचा जॅक तेलाच्या दाबावर चालतो. पाइप फुटला तर ट्रॉली खाली येते, कोणी खाली नसलं तर नुकसान तेवढं तेलाचं. आपण नवा पाइप लावतो, चालू पडतो. तिथे जुगाड चालतो, कारण ट्रॉली जमिनीवरच असते!

विमानात दाराचं काम सोपं दिसतं, पण क्रम चुकला तर सगळं चुकलं. आधी दार उघडायचं, मग चाक बाहेर यायचं. दार उघडायच्या आत चाक निघालं तर ते दारावरच आपटून अडकणार. दोन सिलिंडर झाले की क्रम पाळणारा व्हॉल्व्ह आला, जास्त तेल आलं, जास्त जोड आले, म्हणजे गळायच्या जागा वाढल्या. तेल सगळं गेलं तर चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडावीत अशी सोय मूळ आराखड्यात असते. पण नवं दार तेलाविना उघडेल का? नाही उघडलं, तर पडणारं चाक अडवायला आपणच पहारेकरी बसवला की!

आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग 20 टक्के वाढला तर दारावरचा भार 44 टक्के वाढतो. उन्हात उभ्या विमानात कोंडलेलं तेल तापून फुगतं, त्याला वाट ठेवावी लागते. मोटारीच्या ब्रेकचं तेल खनिज तेलाच्या यंत्रणेत ओतलं तर तिचे रबरी सील खराब होतात. यातलं एकही कौतुकाने सुटत नाही.

मोठ्या विमानांनाही हे चुकलेलं नाही. 1 नोव्हेंबर 2011 रोजी नेवार्कहून आलेलं एक बोइंग 767 वॉर्सात पोटावर उतरवावं लागलं. हायड्रॉलिक तेल गळून गेलं होतं, आणि चाकं सोडायची पर्यायी विजेची सोय एक सर्किट ब्रेकर पडल्याने चालली नाही. वैमानिकाचं कसब म्हणून सगळे वाचले. तिथे अनुभवी वैमानिक होते, धावपट्टीवर अग्निशमनाची तयारी होती. आपल्या पोराजवळ काय आहे?

आता कोणी अमोल यादवांचं नाव घेईल. जरूर घ्या! कांदिवलीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं, 2016 साली 'मेक इन इंडिया'त ते मांडलं. पण पुढचं कोणी सांगत नाही. नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये, आणि उड्डाणाच्या चाचण्या झाल्या 2020 साली, आपल्या शेजारच्या धुळ्याच्या धावपट्टीवर. गच्चीची बातमी सगळ्यांच्या लक्षात आहे, धुळ्याच्या चाचण्या किती जणांच्या? त्या माणसाच्या कामाला जुगाड म्हणणं हा त्याचा अपमान आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. त्यांनी वर्षं घालवली.

"पण नियमांनीच आपल्याकडे माणूस बेजार होतो," असं माझा पुतण्या म्हणतो. खेटे घालायला लावणं वाईटच, मान्य. म्हणून अडवणुकीचा राग चाचणीवर काढायचा का? अमेरिकेत हौशी माणसाला विमान बांधायची मोकळीक आहे, निम्म्याहून अधिक काम हौसेने आणि शिकण्यासाठी केलेलं असलं म्हणजे झालं. पण मोठा बदल केला की विमान पुन्हा चाचणीत जातं. खात्याला कळवायचं, ठरलेल्या भागात किमान 5 तास उडवायचं, आणि त्या वेळी शेजारी पाहुणा बसवायचा नाही. मोकळीक आणि जबाबदारी एकाच कागदावर. मला हे फार पटलं.

शाळेत एखादा मुलगा गणित नव्या रीतीने सोडवायचा, तेव्हा आमचे गणिताचे सर म्हणायचे, "छान, आता ताळा करून दाखव." ताळा म्हणजे अविश्वास नव्हे. ताळा केल्याशिवाय ती रीत पोराची स्वतःचीच होत नाही.

तेव्हा बाळा, हे वाचशीलच. विमान जॅकवर उचल, दारं आणि चाकं शंभरदा आत-बाहेर कर. मग तेल काढून टाक आणि चाकं पडतात का ते बघ. मग एकट्याने ते 5 तास उडव. दार काही केल्या जमलं नाही तर काढून जुनं लाव. वेग थोडा कमी पडला तर आजी काही रागावणार नाही.

आणि आजीला चक्कर सुचवणाऱ्यांनो, तिला आधी नुसतं गॅरेज दाखवा. चहा तिथेच घेऊ दे.

असो. जास्त बोललो असेन तर वयाचा दोष समजा. मुद्द्याचा समजू नका.