क्रूसोच्या प्रार्थनेचा हिशेब

‘रॉबिन्सन क्रूसो’(१७१९)मधील प्रार्थना विचारात घ्यायचे कारण नाही, असे मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात (१८६७) सांगून टाकले. क्रूसोला त्यांत सुख वाटते, ती त्याची करमणूक आहे, एवढेच त्याचे कारण. मार्क्सपुरते हे क्षम्य. त्याला कादंबरीची समीक्षा करायची नव्हती, अर्थशास्त्रज्ञांची खोड मोडायची होती. परंतु इअन वॉट यांनी ‘द राइज ऑफ द नॉव्हेल’मध्ये (१९५७) क्रूसोची धार्मिकता आर्थिक व्यक्तिवादापुढे दुय्यम ठरविली आणि आपल्या वर्गांतून, चर्चासत्रांतून ही वगळणूक जणू सिद्धान्त म्हणून वावरू लागली. उलट जे. पॉल हंटर यांनी (१९६६) प्युरिटन परंपरेचा आधार घेऊन तिला पापी यात्रिकाची कथा मानले. दोन्ही पक्षांना सोय एकच हवी आहे : जिजीविषा एका कप्प्यात, श्रद्धा दुसऱ्या.

संहिता ही सोय देत नाही. जवाचा प्रसंग पाहावा. खडकाच्या सावलीत हिरवी रोपे उगवलेली दिसताच क्रूसोला तो ईश्वरी चमत्कार वाटतो, त्याचे डोळे भरून येतात. मग आठवते, कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी आपणच येथे झटकली होती. आणि कृतज्ञता ओसरते. पण लिहिणारा क्रूसो येथे थांबत नाही. उंदरांनी बाकी सारे नासवले असता दहाबारा दाणे शाबूत राहावेत आणि नेमके सावलीत पडावेत, हीही ईश्वरी योजनाच, असे तो म्हणतो. बेटावर जगणारा कारण सापडताच देवाला सोडतो. निवेदक त्याच कारणात देव शोधतो. या दोन आवाजांतील ताण हाच कादंबरीचा आशय आहे. वॉट पहिला ऐकतात, हंटर दुसरा.

सुमारे पंधरा वर्षांनी वाळूत एका अनवाणी पावलाचा ठसा दिसतो. भीतीने सारी धार्मिक आशा पळवून लावली, हे निवेदक स्वतःच सांगतो. येथवर वॉटपंथीयांना आनंद व्हावा. पण तीच भीती पुढे क्रूसोला कुंपणे मोडायला, शेळ्या रानात सोडायला, धान्याची शेते उकरून टाकायला सुचवते! जगण्याची धडपड जगण्याच्या साधनांवरच उलटते. म्हणजे ‘आर्थिक मानव’ आणि प्युरिटन यात्रिक, दोघेही एकाच ठशापुढे ढासळतात. आणि हा ठसा कोणाचा, हे कादंबरी कधीच सांगत नाही.

प्रार्थना वगळण्याची खरी किंमत मात्र बेटावर पोहोचण्याआधीच द्यावी लागते. गुलामीतून आपल्याबरोबर निसटलेल्या झुरीला क्रूसो पोर्तुगीज कप्तानाला ६० नाण्यांना देऊन टाकतो. अट अशी की, मुलगा ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी त्याला मुक्त करावे. येथे श्रद्धा ही सौद्यातील एक कलम आहे. पुढे जे जहाज फुटते, तेही गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणण्यासाठी निघालेले. बेटावरच्या पश्चात्तापात वडिलांची अवज्ञा पुन:पुन्हा येते. हा प्रवास येतो तो हातचे स्थिर मळे सोडून केलेला अविचार म्हणून. प्रार्थना करमणूक मानणाऱ्याला हे कलम वाचावेच लागत नाही, आणि यात्रिकाची कथा शोधणाऱ्याला ते वाचवत नाही.