वृषपर्व्याचा दिवा

भाऊबीजेला आम्ही दरसाल देहूला ताईकडे जातो. गेल्या खेपेस फराळ आटोपून भाच्यासह इंद्रायणीच्या घाटावर बसलो होतो. पैलतीरावर कुणी पणती लावली होती; तिच्यामागे, लांब, एक दिवा तेवढाच मिणमिणत होता.

"मामा, तो दिवा किती लांब असेल?"

"अरे, त्याचा मूळचा उजेड ठाऊक असल्यावाचून कसे सांगू?"

ज्योतिर्विदांची पंचाईत नेमकी हीच होती. ती सोडवली हार्वर्डच्या वेधशाळेत ताशी 30 सेंटांवर छायाचित्रांच्या काचा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेविट या बाईंनी. धाकट्या मॅगेलन मेघातले सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. त्यांतल्या 25 ताऱ्यांचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होई. ज्याचा फेरा लांब, तो मुळात अधिक तेजस्वी, असे 1912 साली बाईंनी दाखवले. म्हणजे फेरा मोजा, मूळ तेज कळेल. ते दिसणाऱ्या तेजाशी ताडा, की अंतर हाती!

या जातीला ज्याच्यावरून नाव पडले, तो तारा आपल्या वृषपर्वा तारकासमूहात आहे. तो फुगतो, आकसतो; फेरा सुमारे 5.37 दिवसांचा. असाच एक तारा हबल यांना 1923 साली देवयानीतल्या तेजोमेघात सापडला आणि तो मेघ आपल्या आकाशगंगेबाहेरचा ठरला. (ज्याच्या लेकीने देवयानीला विहिरीत ढकलले, त्याच्याच दिव्याने तिचा ठाव लागावा, हे व्यासांनाही सुचले नसते!) हबलांचे उत्तर सुमारे 9 लाख प्रकाशवर्षांचे, खरे अंतर 25 लाख. असे तारे दोन जातींचे असतात, हे बाडे यांनी 1952 मध्ये सांगितले तेव्हा विश्व एकदम दुप्पट झाले. जितकी दीर्घिका दूर, तितकी ती वेगाने दूर जाते, हे हबलांनी 1929 मध्ये मांडले. पण त्या प्रसरणाच्या वेगावरचा वाद अजून मिटलेला नाही. या ताऱ्यांच्या आधाराने आकडा 73 च्या आसपास येतो, विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशावरून 67.

दिवाळीत रात्री आठ-नऊला वृषपर्वा उत्तरेला असतो. ईशान्येला चाकणचा उजेड, दक्षिणेला पिंपरी-चिंचवडचा. उत्तर तेवढी जराशी काळोखी उरली होती. त्या ताऱ्याशेजारी दोन तारे आहेत, एक ठळक, एक फिका. ऐन भरात तो ठळकाएवढा दिसतो, उतरला की फिक्याएवढा. फिका माझ्या चष्म्याला दिसेना, भाच्याला दिसला. त्याने वहीत नोंद केली : "आज ठळकाएवढा."

चौथ्या रात्री त्याचा फोन आला.

"मामा, तारा उतरलाय. पण घाटाजवळ नवा मोठा दिवा लागलाय, फिका आता दिसतच नाही. ताडू कशाशी?"