जुना राऊटर, नवा धनी



घरात जुनी सायकल आली की तुम्ही काय करता? चाकं फिरवून बघता, ब्रेक आवळता, साखळीला तेल देता आणि कुलूप मात्र नवीन घालता. कारण जुन्या कुलपाची एखादी किल्ली आधीच्या मालकाकडे राहिलेली असू शकते! मग जुना वाय-फाय राऊटर घरी आणल्यावर आपण नुसती पिन खुपसून मोकळे का होतो? दिवे लागले, व्हिडिओ चालू झाला, संपलं काम!

आमच्या जाफराबादेत काय किंवा तुमच्या गावात काय, नवा राऊटर घ्यायचा तर हजार-दीड हजार रुपये जातात. म्हणून कुणी जुना, वापरलेला आणतात. त्यात काही वाईट नाही. पण तो राऊटर खऱ्या अर्थानं आपला कधी होतो, ते आज पाहू.

राऊटर म्हणजे एक छोटा संगणकच, बरं का! त्याला पडदा नाही, कळफलक नाही, एवढाच फरक. त्याच्या पोटातल्या चिपवर एक प्रोग्रॅम कायमचा लिहिलेला असतो. त्याला म्हणतात फर्मवेअर. साध्या राऊटरमध्ये या चिपवर अवघी ४ किंवा ८ मेगाबाइट जागा असते, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एक-दोन फोटोंएवढी. तेवढ्यात त्याचं सगळं शहाणपण मावतं!

पण माणसानं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका राहतातच. चूक म्हणजे भिंतीतलं भगदाड. कंपनी ते बुजवून नवं फर्मवेअर देते. ते आपल्या राऊटरमध्ये भरणं म्हणजे अपडेट करणं.

"नाही केलं तर काय होईल?" असं विचाराल, तर ऐका. जुलै २०१७ मध्ये आपल्या देशात बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रोग्रॅमनं बंद पाडले. ज्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच, म्हणजे 'अ‍ॅडमिन', राहिला होता ते त्याच्या तावडीत सापडले. ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं. पुढे मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं इशारा दिला, की ज्यांना आता अपडेट मिळत नाहीत अशा जुन्या राऊटरमध्ये चोर शिरतात आणि तिथून आपली कामं करतात. म्हणजे चोरी त्यांनी करायची आणि पत्ता दिसायचा तुमच्या घराचा! आहे की नाही पंचाईत?

तर मग कामाला लागू. हे काम एकट्यानं करू नका. आई, बाबा, ताई, दादा, कुणीतरी शेजारी हवं.

पहिली गोष्ट, राऊटर उलटा करा. मागच्या चिठ्ठीवर मॉडेलचं नाव असतं आणि जवळच बारीक अक्षरात 'व्हर्जन' किंवा नुसतं 'व्ही' आणि आकडा. हा आकडा फार महत्त्वाचा! नाव एकच, पण पोटातले भाग वेगळे, असं सर्रास होतं. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४-जी हा राऊटर जगभर गाजला. २००५ मध्ये त्याचं पाचवं व्हर्जन आलं. बाहेरून अगदी तसंच, पण आतली जागा ४ मेगाबाइटवरून २ वर आलेली. चौथ्याचं फर्मवेअर पाचव्यात मावणार कसं? जुळ्या भावांची नावं सारखी असली तरी चपला एकाच मापाच्या असतील असं नाही!

चिठ्ठीवर एखाद्या इंटरनेट कंपनीचंच नाव दिसलं, तर थांबा. असं यंत्र बहुधा त्या कंपनीनं आपल्या ग्राहकासाठी दिलेलं असतं आणि त्याचं फर्मवेअर तीच दुरून बदलते. आपण त्यात हात घालू नये.

दुसरी गोष्ट, अ‍ॅडॉप्टर तपासा. जुन्या राऊटरबरोबर भलताच अ‍ॅडॉप्टर येणं नेहमीचंच. राऊटरवर ९ व्होल्ट लिहिलं असेल तर अ‍ॅडॉप्टरही ९ व्होल्टचाच हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा थोडा जास्त चालेल, कमी चालणार नाही. कमी ताकदीच्या अ‍ॅडॉप्टरवर राऊटर मध्येच बंद पडतो. एरवी ते चालून जाईल, पण अपडेट चालू असताना? त्याचं उत्तर पुढे येतंच आहे.

तिसरी गोष्ट, आधीच्या मालकाच्या खुणा पुसा. त्याआधी इंटरनेट देणाऱ्याकडून आपलं युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून घ्या, नाहीतर नंतर धावाधाव होते. मग राऊटर चालू ठेवून मागच्या 'रीसेट' बटणावर किंवा बारीक छिद्रात टाचणीनं दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. दिवे एकदम लुकलुकले की समजा, पाटी कोरी झाली. लक्षात ठेवा, रीसेटनं जुन्या नोंदी जातात, पण फर्मवेअर होतं तेच राहतं.

आता अपडेट. फाइल फक्त राऊटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. तिथे 'सपोर्ट' विभागात मॉडेल आणि व्हर्जन निवडा. मग संगणक राऊटरला तारेनं जोडा. वाय-फाय मध्येच तुटू शकतं, तार सहसा तुटत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत लिहा. नेमका पत्ता बहुधा चिठ्ठीवरच असतो. पान उघडलं की आधी नवा पासवर्ड घाला आणि मग 'फर्मवेअर अपग्रेड' शोधून फाइल द्या.

इथून पुढची चार-पाच मिनिटं सगळ्यात नाजूक. का? शाळेतली पाटी आठवा. नवा धडा लिहायचा तर आधी जुना पुसावा लागतो. राऊटरची चिपसुद्धा अशीच आहे, आधी पुसते आणि मग लिहिते. पुसून झालं आणि तेवढ्यात लाइट गेली तर? जुनं गेलं आणि नवं आलंच नाही! अशा राऊटरला जाणकार लोक 'वीट' म्हणतात, कारण मग तो विटेइतकाच उपयोगाचा उरतो. म्हणून लाइट जाण्याची वेळ असेल, आभाळ भरून आलं असेल, तर त्या दिवशी अपडेट नको. घरात इन्व्हर्टर असेल तर उत्तमच.

एवढं करूनही गाडी अडली तर? घाबरायचं नाही.

पान उघडत नसेल, तर तार कुठे खोचली ते बघा. एक छिद्र बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं किंवा बाजूला असतं, ते बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचं. संगणकाची तार बाकीच्यांपैकी एकात हवी.

राऊटर फाइल घेत नसेल, तर ती अजून 'झिप' गाठोड्यात तर नाही ना? गाठोडं सोडा आणि आतली फाइल द्या. तरीही नाही म्हणाला तर व्हर्जन पुन्हा ताडून पाहा. राऊटर नाही म्हणतोय म्हणजे तो तुम्हाला वाचवतोय!

टक्के एका जागी थांबले, तर दहा मिनिटं हात बांधून बसा. पान पुन्हा उघडू नका, बटण बंद करू नका. इथे धीर धरणारा जिंकतो.

अपडेट झालं, दिवेही लागले, पण इंटरनेट नाही? बहुतेक वेळा जुन्या नोंदी आणि नवा प्रोग्रॅम यांचं जमत नसतं. पुन्हा रीसेट करा आणि वहीतलं युजरनेम, पासवर्ड भरा.

आणि वीटच झाली तर? तरी आशा सोडू नका. फर्मवेअरच्या आधी जागा होणारा एक चिमुकला प्रोग्रॅम असतो, बूटलोडर. अपडेट सहसा त्याला हात लावत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये रीसेट दाबून धरून राऊटर चालू केला, की बूटलोडर तारेवरून नवी फाइल मागतो. प्रत्येक मॉडेलची रीत निराळी असते, म्हणून हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

सगळं नीट झालं की शेवटचं कुलूप. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड नवा, आत शिरण्याचा पासवर्ड त्याहून वेगळा. दोन्ही वहीत लिहा, भिंतीवर नको! आणि 'रिमोट मॅनेजमेंट' नावाची सोय चालू दिसली तर बंद करा. घराबाहेरच्या कुणाला आपल्या राऊटरच्या आत येऊन करायचंय काय?

पालकांसाठी दोन शब्द: जुना राऊटर विकत घेण्यापूर्वीच त्याचं मॉडेल आणि व्हर्जन कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. शेवटचं अपडेट पाच-सहा वर्षांपूर्वीचं असेल, तर तो फुकटातही महाग पडेल. मोबाइलवर बँकेचा व्यवहार ज्या घरातून होतो, त्या घराचं हे दार आहे. आणि मुलांना या कामातून हाकलू नका. त्यांना चिठ्ठी वाचू द्या, आकडे ताडून बघू द्या. बटण दाबण्यापूर्वी वाचायचं असतं, ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडेल.

या आठवड्याचा गृहपाठ: मोठ्यांना विचारून घरातला किंवा शेजारचा राऊटर उलटा करा आणि चार गोष्टी वहीत लिहा. मॉडेल, व्हर्जन, व्होल्ट, अँपिअर. मग अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे त्यांच्याशी जुळतात का ते पाहा. न जुळणारा अ‍ॅडॉप्टर सापडला, तर आधी तो बदलायला सांगा. अपडेटचं नंतर!