शोधनिबंधाची चोरी आणि तुमचं प्रिस्क्रिप्शन

तुम्ही म्हणाल, एका डॉक्टरने दुसऱ्याचा शोधनिबंध उचलून स्वतःच्या नावावर छापला, तर नुकसान मूळ लेखकाचं. त्यात पेशंटचं काय गेलं? हा मोठा गैरसमज आहे.

एखादं औषध किती गुणकारी, हे एका अभ्यासावरून ठरत नाही. अनेक अभ्यासांतले रुग्ण एकत्र मोजून निष्कर्ष काढतात. याला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. तेच रुग्ण वेगळ्या लेखात पुन्हा छापले गेले, तर ही बेरीज फुगते.

ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध तुमच्यापैकी अनेकांनी घेतलं असेल. ऑपरेशननंतरच्या उलट्या टाळण्यासाठी ते किती उपयोगी पडतं, याचे अभ्यास मार्टिन ट्रॅमर आणि सहकाऱ्यांनी तपासले. १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी दाखवलं, की रुग्णांची २८ टक्के माहिती दुबार छापलेली होती. त्यामुळे औषधाचा परिणाम २३ टक्क्यांनी जास्त दिसत होता. औषध चांगलंच आहे, पण त्याची ताकद फुगवून सांगितली गेली. स्वतःचाच जुना मजकूर नवा म्हणून छापणं, हीसुद्धा उचलेगिरीच.

टक्केवारीचा खेळ

आपल्याकडे यावर उपाय काय? टक्केवारी! यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर थिसीसवाल्या विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. नियम हवाच, पण सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवून पाहतं. चोरलेले आकडे, चोरलेली कल्पना त्याला दिसत नाही. उलट, रक्ततपासणीची ठरावीक पद्धत प्रामाणिकपणे लिहिली तरी साम्य दिसतं.

मग सुरू होते शब्द बदलण्याची कसरत. गिओम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा मोडक्यातोडक्या शब्दांचा माग काढला. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बोझम पेरिल', म्हणजे चक्क 'छातीचं संकट', झालेलं छापून आलं आहे! टक्के उतरले, चोरी तशीच राहिली. पॅरासिटामॉलने ताप उतरवायचा आणि टायफॉइड बरा झाला म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

मग करायचं काय?

१) गाईडने रिपोर्टमधला आकडा पाहून सही करू नये. केसपेपर आणि मूळ नोंदी मागवाव्यात. ज्याने रुग्ण तपासलेच नाहीत, तो तिथेच सापडतो.

२) संपादकांनी प्रकरण दडपू नये. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या संपादकांनी सुरू केलेल्या 'कोप' या संस्थेने मार्ग आखून दिला आहे: आधी लेखकाकडे खुलासा मागा, समाधान झालं नाही तर त्याच्या संस्थेला कळवा. चोरी सिद्ध झाली तर लेख गुपचूप काढू नका. कारण देऊन जाहीरपणे मागे घ्या.

३) लेखावर नाव असलेल्या प्रत्येकाला जाब विचारा. श्रेय घ्यायला विभागप्रमुख आणि बळी द्यायला ज्युनिअर, हे बंद व्हायला हवं.

४) बढतीसाठी शोधनिबंध मोजू नका, वाचा. संख्या मागितली की संख्याच मिळते.

आणि तुम्ही? 'संशोधनात सिद्ध झालंय' असा मेसेज आला, की कुठल्या संशोधनात ते विचारा. लेखाचं नाव पबमेडवर टाका, ते मोफत आहे. मागे घेतलेल्या लेखावर तिथे 'रिट्रॅक्टेड' असं लिहिलेलं असतं.

औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी डेट तुम्ही बघता ना? मग ज्या लेखाच्या जोरावर औषध खपवलं जातं, त्याची चौकशी करण्याचाही तुम्हाला पूर्ण हक्क आहे.