प्रिमस्तावची लॅटिन कुळकथा

नॉर्वेच्या शेतकऱ्याच्या घरी जी कोरीव काष्ठपट्टी शतकानुशतके पंचांगाचे काम करीत असे, आणि जिच्या उन्हाळी बाजूचा आरंभ 14 एप्रिलला वृक्षाच्या, तर हिवाळी बाजूचा 14 ऑक्टोबरला हातमोज्याच्या चिन्हाने होई, त्या ‘प्रिमस्ताव’ला निव्वळ ख्रिस्तीधर्मपूर्व आचाराचा अवशेष मानण्याची हौस मला अग्राह्य वाटते. नावाचा उत्तरार्ध ‘स्ताव’, म्हणजे काठी, अस्सल नॉर्स खरा. पूर्वार्ध मात्र लॅटिन ‘प्रीमा लूना’चा, नवचंद्राचा, वंशज असून ईस्टरची तिथी चंद्रावरून ठरविणाऱ्या चर्चच्या दप्तरातून तो आला आहे. चिन्हांची जबानीही तीच: 29 जुलैची कुऱ्हाड संत ओलाफची, 10 ऑगस्टची लोखंडी जाळी संत लॉरेन्सची. (हुतात्म्यांच्या यातनांची साधने पाहून शेतकऱ्याने शेतकामाचे दिवस मोजावेत, हा योगही विलक्षणच!) 1700 साली डेन्मार्क-नॉर्वेने ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली, 18 फेब्रुवारीनंतर एकदम 1 मार्च उजाडला आणि जुन्या पट्ट्यांचा हिशेब अकरा दिवसांनी चुकला, उरलेली सद्दी छापील पंचांगांनी संपविली. पट्टी कोरली शेतकऱ्याने, परंतु नाव व गणित पाद्र्यांचे, एवढा निवाडा संग्रहालयांनी आपल्या फलकांवर निःसंदिग्धपणे नोंदवावा.