बीटा आवृत्ती आणि वैद्याचा विवेक

औषधाची बाटली हाती घेतली की प्रथम वेष्टनावरील मजकूर वाचायचा, ही सवय आपणा डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेली असते. घटक, मात्रा, मुदत, कोणाला देऊ नये, हे सारे पाहिल्यावाचून आपण नवे औषध लिहून देत नाही. तोच डॉक्टर संगणकापुढे बसला म्हणजे मात्र पडद्यावर जे विचारले जाईल त्याला न वाचताच होकार देत सुटतो. या विसंगतीविषयी चार विचार मंडळाच्या सभासदांपुढे मांडावेत, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

इंटरनेटवरील पाने ज्या खिडकीतून आपण पाहतो, त्या प्रणालीला ब्राउझर म्हणतात. काहींनी तिला 'न्याहाळक' असा सुरेख मराठी शब्द योजला आहे. २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलने 'क्रोम' या नव्या ब्राउझरची बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती खुली केली. तिचा क्रमांक ०.२ पासून सुरू होणारा होता. जिने अजून एकाचा आकडाही गाठलेला नाही, ती वस्तू पूर्णत्वास गेलेली नाही, हे निर्मात्यांनी स्वतःच सांगून टाकले होते. आम्ही इंदूरला राहणाऱ्यांनी ती आजमावली ती कुतूहलापोटी. मी ती घरच्या संगणकावर घेतली. दवाखान्यातील संगणकावर नाही. त्यामागील कारण पुढे येईलच.

या ब्राउझरची मूळ कल्पना वैद्यकीय मनाला लगेच पटावी अशी होती. तोवरच्या बहुतेक ब्राउझरांत सर्व पाने एकाच प्रक्रियेत चालत; एक बिघडले की सारीच कोसळत. क्रोमने प्रत्येक टॅबला शक्यतो स्वतंत्र प्रक्रिया दिली आणि तिला मर्यादित अधिकारांच्या कुंपणात ठेवले. संसर्गजन्य रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवावे, तसाच हा प्रकार. ही रचना सामान्यांना समजावी म्हणून गूगलने स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून एक चित्रकथाच काढून घेतली होती. वेगही नजरेत भरण्याजोगा होता.

आणि तरीही उणिवा निघाल्याच. पत्त्याच्या जागी एखाद्या शब्दापुढे अपूर्णविराम व टक्क्याचे चिन्ह लिहिले की एक टॅब नव्हे, तर संपूर्ण ब्राउझर बंद पडतो, हे पहिल्या काही दिवसांतच अभ्यासकांनी दाखवून दिले. ज्या विलगीकरणाचा एवढा गौरव झाला, त्यालाच दोन चिन्हांनी भगदाड पाडले. दोष कळला, दुरुस्ती झाली. चाचणीचे प्रयोजन हेच असते. कागदावर निर्दोष वाटणारे औषध माणसाच्या शरीरात गेल्यावर काय करील, हे जसे प्रयोगशाळेत पूर्णपणे कळत नाही, तसेच हे.

मला अधिक बोधप्रद वाटली ती दुसरी घटना. क्रोमच्या सेवा-करारातील अकराव्या कलमात, वापरणारा जो मजकूर ब्राउझरमधून पाठवील वा दाखवील, त्याच्या वापराचा कायमस्वरूपी व जगभराचा परवाना कंपनीला मिळेल, असे शब्द होते. काही चिकित्सक वाचकांनी करार खरोखरच वाचला, ओरड केली आणि कंपनीने दुसऱ्याच दिवशी ते कलम पूर्वलक्षी प्रभावाने बदलले. ते शब्द इतर सेवांच्या सर्वसाधारण करारातून तसेच आले होते, असा खुलासा झाला. खुलासा मान्य, परंतु कोणीच वाचले नसते तर? शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रावर रुग्ण न वाचता सही करतो, तेव्हा आपण त्याला थांबवून समजावून सांगतो, निदान सांगावे अशी अपेक्षा असते. पडद्यावर 'मान्य आहे' हे बटण दाबताना आपणही रुग्णाच्याच जागी असतो आणि तेथे समजावणारा कोणी नसतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी वाचकांना त्या काळी आणखी एक अनुभव आला. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांची संकेतस्थळे हाच आपला मराठी बातम्यांचा रोजचा रतीब. त्यांतील काही वृत्तपत्रे युनिकोडऐवजी स्वतःचे खास फाँट वापरत आणि ते फाँट आपोआप उतरवून घेण्याची सोय इंटरनेट एक्सप्लोररपुरतीच होती. नव्या ब्राउझरमध्ये अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. अनेकांनी निदान केले की नवा ब्राउझर मराठीला प्रतिकूल आहे. वस्तुतः व्याधी जुन्या फाँटची होती. नव्या ब्राउझरने केवळ लक्षण उघडे केले. पुढे वृत्तपत्रे युनिकोडकडे वळली आणि ती अडचण संपली. नवी वस्तू आजमावल्याने जुन्या व्यवस्थेचा छुपा रोग कळतो, हा चाचणीचा उपेक्षित लाभ म्हणावा लागेल.

म्हणूनच 'सगळे स्थिरस्थावर होऊ द्या, मग पाहू' ही भूमिका मला मान्य नाही. सर्वांनीच वाट पाहिली तर दोष काढायचे कोणी? परंतु औषधाच्या चाचणीत स्वयंसेवक धोका पत्करतो तो स्वतःच्या देहापुरता, माहिती घेऊन व संमती देऊन. भारतात १५ जून २००९ पासून अशा चाचण्यांची आगाऊ नोंदणीही अनिवार्य झाली. दवाखान्यातील संगणकात मात्र आपली नव्हे, तर रुग्णांची माहिती असते. त्यांनी आपल्याला व्याधी सांगितली ती विश्वासाने. कोणत्याही चाचणीला संमती दिलेली नाही. तेव्हा त्यांच्या नोंदींवर अपूर्ण वस्तूचा प्रयोग करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

११ डिसेंबर २००८ रोजी क्रोमवरील 'बीटा' हा शिक्का निघाला. आज तो जगातील सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर आहे. पण हा विषय जुना झालेला नाही. जुलै २०२५ मध्ये 'कॉमेट' व ऑक्टोबर २०२५ मध्ये 'अ‍ॅटलास' हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ब्राउझर आले. ते पान केवळ दाखवीत नाहीत, तर वाचतात, त्याचा सारांश सांगतात आणि आपल्या वतीने कामेही करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये 'ब्रेव्ह' या ब्राउझरच्या अभ्यासकांनी कॉमेटमधील एक दोष जाहीर केला: पानातील मजकुरात कोणी दडवलेली सूचना हा सहायक मालकाचीच आज्ञा समजून पाळू शकत होता. रुग्णाने आणलेल्या चिठ्ठीवरील मजकूर आपल्या कंपाउंडरने डॉक्टरांचा हुकूम मानून औषध द्यावे, तसेच हे झाले. ज्या संगणकात रुग्णांचे अहवाल आणि बँकेचे व्यवहार उघडे असतात, तेथे असा आज्ञाधारक सहायक किती महागात पडेल, हे सांगायला नको. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असला, तरी कायद्याच्याही आधी आपल्या व्यवसायाची शपथ आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नवे जरूर आजमावावे, पण ज्यात रुग्णाचे नावसुद्धा नाही अशा वेगळ्या संगणकावर. करार वाचावा. दोष आढळला तर निर्मात्यांना कळवावा; औषधाचा दुष्परिणाम कळवणे जितके कर्तव्य, तितकेच हेही. आणि दवाखान्यात तेच वापरावे ज्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या नियमित मिळतात. जुने म्हणून सुरक्षित, असाही समज नको, कारण मुदत संपलेले औषधही जुनेच असते.

मंडळाच्या वार्षिक शास्त्रीय सत्रात एक तास या विषयासाठी राखून ठेवावा, अशी कार्यकारिणीस माझी नम्र सूचना आहे. आपल्यातील संगणकाची जाण असलेल्या तरुण सभासदांनी तो चालवावा आणि आम्हा ज्येष्ठांनी वह्या घेऊन समोर बसावे.