ओरडू द्या की पोरींना!



गेल्या महिन्यात बैठकीसाठी एका वस्तीतल्या अंगणवाडीत गेले होते. बाहेर शिवाशिवी रंगली होती. ज्याच्यावर राज्य तो जवळ आला, की चार-पाच वर्षांची ती पोरं जिवाच्या आकांताने किंचाळायची आणि लगेच खदखदून हसायची. आवाज असह्य होऊन एक आजी दारात आल्या. "ए पोरी, केवढ्यानं किंचाळतेस! पोरीच्या जातीला शोभतं का?" शेजारी तितक्याच जोरात ओरडणाऱ्या नातवाला मात्र म्हणाल्या, "हा तर नुसता वाघ आहे!" बैठकीतल्या आम्ही सगळ्या हसलो. मला ते खटकलं ते परतताना, बसमध्ये.

मुलं खेळात किंचाळतात ती खोडी म्हणून नव्हे. पकडलं जाण्याची भीती आणि आपण सुरक्षित आहोत ही खात्री, दोन्ही एकदम अनुभवायला मिळतात, हीच शिवाशिवीची गंमत. तो आनंद अंगात मावत नाही आणि त्याला आवर घालणारी मेंदूची यंत्रणा त्या वयात अजून घडत असते. एकाने किंकाळी फोडली की बाकीच्यांना तिची लागण होते. (खेळाबाहेरही मूल सतत ओरडूनच बोलत असेल, तर कान तपासून घ्यावेत.)

मग यात मुलगा-मुलगी फरक आहे का? वयात येईपर्यंत दोघांच्या स्वरयंत्रात फारसा फरक नसतो. मुलगे सरासरीने धसमुसळे खेळ जास्त खेळतात हे खरं. पण मोठा फरक आहे तो ऐकणाऱ्याच्या कानात. १९७६ साली अमेरिकेत एका अभ्यासात नऊ महिन्यांच्या बाळाची एकच फिल्म दाखवली गेली. पेटीतून टुणकन उडणारं खेळणं पाहून ते बाळ रडतं. 'हा मुलगा आहे' असं ज्यांना सांगितलं त्यांना त्या रडण्यात राग दिसला. 'ही मुलगी' असं सांगितलेल्यांना भीती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांच्या मुलामुलींच्या रडण्याच्या पट्टीत फरक आढळला नाही. तरी मोठी माणसं बारीक आवाज मुलीचा आणि जाड आवाज मुलाचा ठरवून मोकळी झाली. म्हणजे आवाज एकच, पण आपण त्याला आधीच लुगडं किंवा धोतर नेसवून ठेवतो.

या शिकवणुकीचं पुढे काय होतं, हे आपल्या चळवळीला चांगलं ठाऊक आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला. आपण ओरडलो, असं तिने सांगितलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते खोटं मानलं आणि दोन्ही पोलीस सुटले. त्याविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येत नाही, हेही २०१३ साली कायद्यात स्पष्ट आलं. तरीही "मग ओरडली का नाहीस?" हा प्रश्न समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बाईला तिच्या घरच्यांनीच आधी विचारलेला असतो. भीतीने वाचा बसते, त्यात तिचा दोष नाही. पण चौथ्या वर्षी जिचा आवाज आपण दाबला, तिच्याकडे पंचविसाव्या वर्षी तो मागायचा आपल्याला काय अधिकार?

स्वसंरक्षणाच्या शिबिरात किशोरींना "जोरात ओरडा" म्हटलं की पहिली दहा मिनिटं नुसतं हसू फुटतं, आवाज फुटत नाही. हात आपोआप तोंडावर जातो. आधी हिरावून घेतलेलं आपण मग शिबिर भरवून परत देतो! आणि 'वाघ' ठरवलेल्या मुलग्याचंही काही बरं होत नाही. त्याला डरकाळी फोडायची मुभा आहे, घाबरून ओरडायची नाही.

मुलांना अजिबात थांबवू नये, असं नाही. घरात तान्हं झोपलेलं असतं, दहा बाय दहाच्या खोलीत आजारी माणूस असतं. पण मग नियम दोघांना एकच हवा आणि कारण खरं सांगायला हवं: "बाळ झोपलंय, बाहेर जाऊन ओरडा." "मुलगी आहेस" हे कारण नव्हे. 'वाचवा' हा शब्द मात्र खऱ्या संकटासाठी राखून ठेवायला दोघांनाही शिकवावं.

पुढच्या बैठकीत गटातल्या प्रत्येकीला एकच प्रश्न विचारून पाहा: तुम्ही शेवटच्या मोकळेपणी कधी ओरडलात? उत्तरं आम्हाला जरूर कळवा.